हातावर उठलेली अक्षरं

या गं पोरींनो, अशा जवळ या. लांबून बोलायची मला सवय नाही आणि कानही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. कौसा गेल्याचं कळल्यावर तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर जोडलेल्या हातांची चित्रं धाडलीत. एकीनं फुलं धाडली, एकीनं तेवती पणती. जिच्या हातच्या भाकरी खाऊन तुम्ही कोणी डॉक्टर झालात, कोणी पुण्याला गेलात, कोणी हैदराबादला, तिच्या दारात येऊन घडीभर टेकायला एकीलाही सवड झाली नाही. मी ते हात बघत बसले... इतके हात, आणि त्यातला एकही कोणाचा ते ओळखू येईना. असू द्या. तुमच्यावर राग धरून मी कुठं जाणार. तिला जाऊन महिना होत आला, बोलणं मनात साठून साठून जड झालं, म्हणून लिहायला बसले. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही त्यांनीही ऐकावं, तिच्यासारखी माणसं त्यांच्याही शेजारी असतील.

फोन आला तेव्हा दुपार होती. मी इथं लातूरला माझ्या शिलाई मशीनवर बसले होते, आणि योग बघा, हातात तिचाच ब्लाउज होता. जांभळं सुती कापड, तिनंच नांदेडहून लेकीच्या हातानं पाठवलेलं. एक बाही जोडून झाली होती. फोनवर उजू होती, कौसाची लेक, मला मावशी मानणारी. "खाला, आई..." एवढंच म्हणाली. बऱ्याच वेळानं बघते तर पाय तसाच मशीनवर आणि सुई बाहीत अडकलेली. तिचा ब्लाउज शिवायची रीत सगळ्या लातुरात मला एकटीलाच माहीत. सगळ्यांची शिवण आतून असते, तिची बाहेरून. दंडाला पट्टी नाही, गळ्याला काठ नाही, बाही अशी ढिली की आत वारं खेळावं. बघणाऱ्या बाया म्हणायच्या, कौसाबाई, आज ब्लाउज उलटा घातला की काय? ती म्हणायची, "उलटा न्हाई बाई, माझं अंगच उलटं हाय."

तिच्या अंगावर पित्त उठायचं. पित्त म्हणजे तुम्हाला माहीत आहे, लाल फुगीर गांधी उठतात, खाजतात, आग होते. कोणाला कधीतरी काही खाल्ल्यानं उठतात आणि बसतात. तिला मात्र सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उठत होत्या. कापड जिथं आवळलं तिथं वळ, चुलीची धग लागली की गालावर, पिशवी उचलली की तळहातावर. आणि सकाळी बघावं तर अंग कोरं, जणू रात्री काही झालंच नव्हतं.

हे सुरू झालं भूकंपानंतर. आमचं गाव औशाच्या पलीकडं. भूकंपात गाव गेलं... गेलं म्हणायची अशी सवय झालीय, जसं एखादं माणूस परगावी गेलं म्हणावं, चार दिवसांनी येईल. माझी सासू गेली, आमचं कापडाचं दुकान गेलं. कौसाचा मालक गेला. ती आणि चार वर्षांची उजू तुळईच्या आडोशाला राहिल्या म्हणून वाचल्या. आम्हाला पत्र्याच्या शेडात जागा मिळाली. तिची खोली आणि माझी खोली, मधे एक पत्रा. तोवर आम्ही एकमेकींना नुसतं ओळखत होतो, ती दुकानात खण घ्यायला यायची तेवढीच ओळख. पत्र्यानं आम्हाला बहिणी केलं. तिकडं ती कूस बदलायची ते मला इकडं ऐकू यायचं.

दगडानं तिची पिंढरी फाटली होती. मदतीला आलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून धनुर्वाताची सुई दिली, तिलाही दिली. मग काही दिवसांनी एका तिन्हीसांजेला तिनं पत्रा वाजवून मला बोलावलं. बघते तर दंड, मान, पोट सगळं फुललेलं. शेडातल्या बाया जमल्या. कोणी गेरू आणला, अंगाला चोळला. कोणी घोंगडी दिली, म्हणे हिच्यात लोळ, काटे टोचले की पित्त उतरतं. ती लोळली, आणि गेरूनं माखलेल्या तोंडानं मला म्हणाली, "आपा, मी आता पोळ्याचा बैल दिसायलेय का गं?" भूकंपानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

कशानं उठलं याचा शोध सगळ्यांनी आपापल्या परीनं लावला. कोणी म्हणे मदतीत आलेली दुधाची पावडर बाधली. कोणी म्हणे पत्र्याचा ताप. एक म्हातारी म्हणाली, गेलेली माणसं रात्री हात फिरवून जातात, त्याचे वळ. कौसानं मात्र सुईला धरलं. सुईनंच केलं, तिच्याआधी मला कधी असं झालं नव्हतं. मला आता वाटतं, तिला कोणावर तरी राग धरायचा होता. जमिनीवर कसा धरणार, रोज तिच्यावरच पाय ठेवायचा. सुई बारीक होती, टोकदार होती, तिच्यावर राग धरायला सोपं होतं. त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या अंगाला सुई लावू दिली नाही. उजूला मात्र कधी अडवलं नाही हं. शाळेत टोचायला आले की पोरीला माझ्या हाताशी द्यायची आणि आपण दाराबाहेर पाठ करून उभी राहायची. म्हणायची, सुईचं माझ्याशी वाकडं, लेकराशी न्हाई.

त्या शेडातली एक गोष्ट मला आजही स्वप्नासारखी दिसते. उजूला अंगणवाडीत अ, आ शिकवायला लागले होते, पण घरी पाटी नव्हती. एका दुपारी कौसा दारात बसलेली, हात मांडीवर, आणि पोरगी काडीनं तिच्या दंडावर रेघोट्या ओढत होती. बघता बघता त्या रेघोट्या फुगून वर आल्या. लाल, ठसठशीत... आईच्या हातावर 'अ' उठला. पोरगी टाळ्या पिटायला लागली. कौसा आधी घाबरली, मग बघतच राहिली. "लिही," म्हणाली, "अजून लिही." ते अक्षर घडीभर राहायचं आणि आपोआप विरून जायचं, पुसायचीही गरज नाही. मग रोज दुपारी तेच. मी पत्र्याला टेकून बसायची. आमच्या घरी बोलणं दखनी, आणि शाळेचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. उजू लिहायची, मी बघायची, मग मीही हळूच बोट टेकवून बघायची. आज तुमच्यासाठी हे जे लिहितेय त्यातलं प्रत्येक अक्षर मी कौसाच्या हातावर शिकलेय. खाज सुटत असेल, आग होत असेल. ती म्हणायची, काडीची आग बरी, तिला काहीतरी अर्थ हाय.

पुढं माझ्या नवऱ्याचा भूकंपात मोडलेला पाय बरा झाला नाही तो नाहीच, दुकान परत उभं राहिलं नाही, आणि आम्ही दोन्ही घरं लातूरला आलो. मी मशीन घेतलं. कौसानं शेजारीच मुलींची खानावळ काढली. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. उजाडायच्या आत पोरी सायकली हाणत जायच्या. जळकोटच्या, लोह्याच्या, देगलूरच्या... आईबापांनी पोतंभर ज्वारी आणि एक ट्रंक देऊन सोडलेल्या. तुम्हीच गं त्या. आठवतं का, पहिल्या आठवड्यात कोणी ना कोणी ताटावर बसून रडायचीच. कौसा तिच्यासमोर दंड उघडा करून बसायची, म्हणायची, लिही तुझ्या गावाचं नाव. पोरगी रडता रडता बोटानं लिहायची, नाव वर उठायचं, आणि ती रडायचं विसरून जायची. परीक्षेच्या दिवसांत तर तुम्ही तिला सोडत नव्हतात. एकीचं सूत्र मनगटावर, दुसरीचं कोपरापाशी. तिला त्यातलं काय कळायचं? पण ती हात आवरून घ्यायची नाही.

देगलूरची वैजयंता तिला अम्मा म्हणायची. तिच्या घरी तेलुगू, मराठी सगळं एकत्र चालायचं. हात बघून सगळ्या हसत, ती हसायची नाही. डॉक्टरीला नंबर लागल्यावर पहिल्या सुट्टीत आली ती कौसाला उठवून सरकारी दवाखान्यात घेऊनच गेली. तिथल्या चामडीच्या डॉक्टरांनी तपासलं, लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि रोज एक गोळी लिहून दिली. आता कौसाची खोड अशी, उठलं की गोळी घ्यायची, बसलं की डबी फळीवर. मग परत उठायचं, परत गोळी, परत फळी. वैजयंता म्हणायची, अम्मा, छत्री पाऊस पडायच्या आधी उघडायची असते, भिजल्यावर नाही. पुष्कळ वर्षांनी तिच्या गळी ते उतरलं. सकाळी चहासोबत गोळी घ्यायला लागली आणि खरंच अंग निवलं. चुलीसमोर उभी राहायची तरी गाल साधे दिसायचे.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जायची नाही. त्या डॉक्टरांना तिनं विचारलं होतं, साहेब, हे कशानं झालं? ते म्हणाले, पुष्कळदा कारण सापडतच नाही, बाई. आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाली, असं कसं आपा, कारणच न्हाई? आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. ती कशाबद्दल विचारतेय ते मला कळत होतं. ती नुसत्या पित्ताबद्दल विचारत नव्हती.

मग तो रोग आला, कोरोना. क्लास बंद, खानावळ बंद. एवढ्या मोठ्या पातेल्यांत दोन घरांपुरतं शिजवताना चमचा तळाला आपटायचा तो आवाजच वेगळा. उजू तोवर नांदेडला नांदत होती, आणि लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. कौसानं डिंक, खारीक सगळं बांधून ठेवलं. पण तिच्या विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, राग मानू नका, आमच्या घरात आधीच दोन माणसं गेली, लस घेतलेल्यांनीच बाळंतिणीजवळ यायचं असं आम्ही ठरवलंय. बोलल्या गोड, पण ठाम. आणि चुकलं तरी काय त्यांचं? फोन ठेवून कौसा भिंतीला टेकली. इकडं मोबाइलवर रोज काही ना काही यायचं, पित्तवाल्यांनी लस घेतली तर अंगच फुटतं, अमक्याच्या चुलत्याचं असं झालं, तमक्याच्या मामीचं तसं. एकीकडं ती जुनी सुई, एकीकडं लेकीचं बाळंतपण. आठ दिवस तिनं धड जेवण केलं नाही. एका सकाळी म्हणाली, जायचं. मेले तर मेले, नातवंडाचं तोंड न बघता जगून काय करू?

पण जायची तयारी तिनं केली ती आपल्या पद्धतीनं. आपल्याकडं काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायची रीत आहे ना, डोक्यावरून अंघोळ करून उपाशीपोटी घ्यायचं, आणि ते अंगात असेतो दुसरं कुठलंच औषध पोटात जाऊ द्यायचं नाही. औषधाला औषध मारतं म्हणतात. तिनं लशीलाही तोच नेम लावला. चार दिवस आधीपासून रोजची गोळी बंद. कोणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी ना चहा ना भाकरी. शाळेच्या पटांगणात रांग, ऊन चढलेलं, आणि आमचा नंबर यायच्या आधीच तिचा चेहरा फुलला. पापणी सुजली, हात वळांनी भरले. मागच्या दोन बाया तिच्याकडं बघून रांग सोडून निघून गेल्या. "बघा, अजून सुई दिली बी न्हाई तर असं," असं कोणीतरी मागं बोललं. आतल्या सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी सावलीत बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना दाखवलं, आणि आज नको, बरं वाटल्यावर या असं सांगितलं. रिक्षात ती एकच वाक्य बोलली, "आपा, माझं अंगच मला नांदेडला जाऊ देईना."

संध्याकाळी मीच वैजयंताला फोन लावला, दोघींना ऐकू येईल असा. ती आता नांदेडलाच चामडीची डॉक्टर आहे, तिनं पहिलाच प्रश्न विचारला, गोळी चालू आहे ना? मी कौसाकडं बघितलं. कौसा भिंतीकडं. मग सगळं बाहेर आलं, झाडपाला, उपास, सगळं. वैजयंता हसली नाही. हळू आवाजात तिनं एकेक विचारलं. त्या वेळच्या सुईनंतर श्वास कोंडला होता का, ओठ-जीभ सुजली होती का, चक्कर येऊन पडली होतीस का? नाही. लगेच काही झालं होतं का? नाही, काही दिवसांनी. मग म्हणाली, तसं काही झालं असतं तर मी आधी दवाखान्यात बोलावून तपासलं असतं. पण रोज आपोआप उठणारं हे पित्त लशीच्या आड येत नाही. गोळी रोजच्यासारखी घे, पोटभर खा, तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, आणि सुईनंतर अर्धा तास तिथंच बस. घरी आल्यावर चार गांधी जास्त उठतील कदाचित, त्या बसतील. श्वासाला जड वाटलं तर मात्र वाट बघायची नाही, लगेच सांगायचं.

कौसानं फोन माझ्या हातून घेतला. "आणि ती सुई, वैजू? शेडातली?"

वैजयंता म्हणाली, "अम्मा, सुई घेतली नसतीस तरी उठलं असतं, कदाचित. एवढं सगळं झालं होतं तुझ्यावर. आता कोणीच नक्की सांगू शकणार नाही."

कौसा फोन ठेवून बराच वेळ आपल्या दंडावर हात फिरवत राहिली. मग उठली, फळीवरची डबी काढली, गोळी घेतली, आणि म्हणाली, भाकरी टाकते, भूक लागली. मला अजूनही वाटतं, शेडातून ती खऱ्या अर्थानं बाहेर आली ती त्या संध्याकाळी.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. खाऊनपिऊन, गोळी घेऊन, डॉक्टरांना आधी सांगून. सुई टोचताना तिनं माझा पदर मुठीत धरला होता, पण पाठ केली नाही, बघत राहिली. मग आम्हाला वर्गातल्या बाकावर बसवलं, पोरांचे बाक ते, गुडघे मावत नव्हते. फळ्यावर दीड वर्षापूर्वीचा अर्धवट पुसलेला धडा तसाच होता. बाहेर कडुलिंब हलत होता, त्याची सावली जमिनीवर आत-बाहेर करत होती. आम्ही दोन म्हाताऱ्या शाळेत कधी न बसलेल्या... आणि बसलो त्या अशा. तिनं दुसरा दंड पुढं केला. "लिही कायतरी." मी नखानं 'उजू' लिहिलं. वाट बघितली. नुसती फिकी रेघ आली, आणि तीही विरली. गोळीनं आपलं काम केलं होतं. कौसा हातावर वाकून बघत होती. "उठलं न्हाई," म्हणाली. मग हसली, पण डोळे भरलेले. "बरं झालं म्हणायचं, का वाईट?" आम्ही तो अर्धा तास तसाच हातात हात घेऊन काढला. रात्री तिच्या पोटावर दोन-चार गांधी उठल्या, दंड दुखला, सकाळी काही नव्हतं.

ती नांदेडला गेली, नात झाली, तिनंच पहिली अंघोळ घातली. मग ती तिकडचीच झाली, सणावाराला इथं यायची. आणि एक नवीच सवय लागली तिला. कोणी सुईला घाबरतंय असं कळलं की त्याच्याबरोबर जायची. पित्तवाला असला तर आधी विचारायची, गोळी घेतली का, खाल्लं का, डॉक्टरला सांगितलं का? आणि टोचून झाल्यावर अर्धा तास शेजारी बसायची. उपदेश नाही, काही नाही. गावातल्या चिंचेच्या गोष्टी सांगायची. नातीच्या प्रत्येक लशीला तीच घेऊन जायची, दाराबाहेर पाठ करून उभं राहायचे दिवस संपले होते.

ती कशी गेली ते उजूनं मला नंतर सांगितलं, दहाव्याला गेले तेव्हा. त्या दुपारी आजी आणि नात जेवून खाटेवर आडव्या झाल्या होत्या. नात आता चार वर्षांची, शेडातली उजू जेवढी होती तेवढी. अक्षरं शिकतेय. आजीच्या हातावर आता काही उठत नव्हतं, म्हणून दोघींनी वेगळाच खेळ काढला होता. नात बोटानं लिहायची, आजी डोळे मिटून नुसत्या स्पर्शानं ओळखायची. 'क' म्हणायची, 'म' म्हणायची, मुद्दाम चुकायचीही. उजू आत भांडी लावत होती, तिला आवाज येत होते. मग आजीचा आवाज यायचा थांबला. नात बाहेर येऊन म्हणाली, "आई, आजीला 'अ' येईना. मी परत परत काढला." डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच. उजू सांगताना रडत होती. मी नाही रडले. मला तो शेडातला पहिला 'अ' दिसत होता, लाल, ठसठशीत... आणि वाटलं, तिला आला असणार गं. फक्त सांगायचा राहिला.

जांभळा ब्लाउज मी पुरा केला. शिवण बाहेरून, बाही ढिली. कोणाला होणार नाही, पण मशीनच्या दांडीवर टांगून ठेवलाय, खिडकीतून वारं आलं की भरतो. दुपारी हातातलं काम ठेवून मी खानावळीच्या जुन्या बाकावर जाऊन बसते, अर्धा तास. शेजारी जागा ठेवते.

तर पोरींनो, फोनवरचे हात नकोत मला. खरे घेऊन या. पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, लवकर या. भाकरी तिच्यासारखी जमणार नाही, पण चहा आहे, बाक आहे. माझ्याजवळ बसा, मी बाही वर करून डोळे मिटते, तुम्ही माझ्या हातावर लिहा. आणि आल्या आल्या निघायची घाई करू नका... अर्धा तास बसल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही.